कारखाना कशासाठी?

गेल्या श्रावणात वेंगुर्ल्यास एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. घर जुन्या वळणाचे आणि एकत्र. दोघे बंधू, त्यांची कुटुंबे, वृद्ध मातोश्री व लहान मुले धरून तेरा पाने रोज एका पंक्तीस बसतात. थोरले बंधू शिक्षकाच्या पेशातून निवृत्त झालेले. त्यांचा पुतण्या रसायनशास्त्राचा पदवीधर. मुंबईस एका कंपनीत चार वर्षे नोकरी करून तो घरी परतला आणि मागील परड्यात पत्र्याची शेड घालून त्याने काजूचा लहानसा कारखाना काढला. या गोष्टीस आता आठ वर्षे झाली. त्या वेळी घरात किती वादळ उठले होते ते आम्हांस ठाऊक आहे. कारण त्याची समजूत घालण्यासाठी ज्या मंडळींना पत्रे गेली त्यांत आम्हीही होतो, आणि आम्हीही त्यास नोकरी न सोडण्याचाच सल्ला दिला होता. तो त्याने मानला नाही हे बरेच झाले, असे पुढे आम्ही सर्वांना सांगत असू.

तिसऱ्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही ओटीवर बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागली होती. बोलता बोलता तो पुतण्या एकदम म्हणाला, "काका, कर्ज फिटत आले. बायकांची मजुरी दर शनिवारी जाते. कुणाचे देणे अंगावर नाही. मग सकाळी शेडचे कुलूप काढताना हात जड का होतो?"

आजी आतून म्हणाल्या, "पोटाला मिळते ना? मग झाले!" थोरल्या बंधूंनी अडकित्ता खाली ठेवला, पण बोलले काहीच नाहीत. आम्हीही गप्प राहिलो. मात्र त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही, म्हणून हा लेख.

आपल्या सुशिक्षित घरांतून नोकरीस एक मोठी सोय आहे, ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कारकुनाला अगर प्राध्यापकाला 'हे सर्व कशासाठी?' असे विचारण्याची पाळी येते ती क्वचित. कारण काय करावयाचे ते वरून ठरून येते आणि केल्याची पावती महिन्याच्या अखेरीस मिळते. लहान धंदा करणाऱ्याच्या वर कुणी नसते. त्याने आज शेड उघडली नाही तर जाब विचारणारा साहेब नाही, आणि उघडली तर शाबासकी देणाराही नाही. पहिली काही वर्षे कर्ज हाच त्याचा साहेब असतो. हप्ता भरावयाचा आहे या एका विचाराने तो पहाटे उठतो. कर्ज फिटत आले की तो साहेब निघून जातो आणि मालक प्रथमच एकटा पडतो. आमच्या मते त्या तरुणाची व्यथा ही होती. ती अपयशाची नव्हती, आणि म्हणूनच घरात कुणास कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच्याबरोबर शेडमध्ये गेलो. काजूगर खाणारे आपण सगळेच. पण तो ताटात कसा येतो हे पाहिलेले थोडे. झाडावरचे बोंडू पिकले की त्याच्या टोकाला लटकणारी बी वेगळी करतात व दोनतीन दिवस उन्हात वाळवतात. ही बी फेब्रुवारीपासून मेपर्यंत मिळते; पुढे पाऊस. कारखान्यात ती वाफेवर शेकतात, रात्रभर निवू देतात, आणि सकाळी बायका हातापायाने चालणाऱ्या लहान कात्रीयंत्रावर एकेक बी फोडतात. टरफलात जे तेल असते ते फार दाहक. ते कातडीस लागले तर कातडी जळते, काळी पडते. म्हणून बायका हाताला खोबरेल चोळून वर राख लावतात, अलीकडे हातमोजेही घालतात. गर बाहेर आला की तो भट्टीत सुकवावयाचा, त्यावरची तांबूस साल नखांनी व लहान सुरीने अलगद काढावयाची, आणि मग निवड. अख्खा गर वेगळा, दुभंगलेली पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. अख्ख्यातही आकारावरून प्रती लागतात. 'दोनशे दहा' म्हणजे एका पौंडात 200 ते 210 गर बसतील असा मोठा दाणा. 'तीनशे वीस' म्हणजे त्याहून बारीक. अख्खा गर आणि पाकळी यांच्या भावात बरेच अंतर असते. हे अंतर राखले जाते ते बी फोडणाऱ्या बाईच्या मनगटात. दाब किंचित अधिक झाला की गर दुभंगला!

शेडमध्ये चौदा बायका होत्या. त्यांतली एक वयस्क बाई बी हातात घेऊन नुसती खुळखुळवी आणि म्हणे, "ह्या पोत्यातली बी भिजलेली दिसता. आधी वाळवक् होयी." पोते उघडून पाहिले तर तिचे म्हणणे खरे निघे. रसायनशास्त्राची पदवी घेऊनही आपल्याला हे साधले नाही, असे तो तरुण हसून म्हणाला.

आता थोडा हिशेब सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. सुमारे चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. समजा, बी 120 रुपये किलो आहे. वर्षभर शेड चालविण्यास 20 टन बी लागत असेल तर 24 लाख रुपये त्या तीन महिन्यांतच उभे करावे लागतात. कारण पुढे बी मिळत नाही. हा पैसा बँकेचा, त्यावर व्याज चालू. गर निघतो सुमारे 5 टन, तोही वर्षभर थोडा थोडा. या अवधीत गराचा बाजारभाव किलोमागे 50 रुपयांनी उतरला, तर अडीच लाख रुपये बसल्या जागी जातात. भाव का उतरला याचे कारण वेंगुर्ल्यात शोधून सापडत नाही. ते कधी आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या पिकात असते, कधी व्हिएतनामच्या कारखान्यांत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलकडून जे झाड या किनाऱ्यावर आणले त्याची बी आज आफ्रिकेतून जहाजे भरून हिंदुस्थानात येते.

आणि याच बाबतीत त्या तरुणापुढे एक निर्णय येऊन उभा राहिला होता. एका मोठ्या व्यापाऱ्याने त्यास निरोप धाडला होता: बी मी पुरवीन, परदेशची, तू केवळ फोडून, सोलून द्यावी, किलोमागे ठराविक मजुरी. भांडवल नको, व्याज नको, भावाची धास्ती नको. वर्षाचे बाराही महिने काम. उत्तर गणेशचतुर्थीपर्यंत हवे होते. घरातल्या बहुतेकांच्या मते ही देवच पावल्यासारखी गोष्ट होती. "पगारासारखेच झाले की!" असे धाकटे बंधू, म्हणजे त्या तरुणाचे वडील, दोनदा म्हणाले. त्यांच्या या एका वाक्यात आठ वर्षांपूर्वीचे सारे वादळ आम्हांस पुन्हा ऐकू आले.

वेंगुर्ले हे गाव व्यापार जाण्याच्या गोष्टीला सरावलेले आहे. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिचे भग्नावशेष अद्यापि उभे आहेत. 1812 साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. पुढे बेळगाव आणि त्यापलीकडच्या मुलखाचा माल आंबोलीच्या घाटाने उतरून याच बंदरात गलबतांवर चढत असे. त्या रहदारीवर किती गाडीवान, हमाल, दलाल व लहान दुकानदार जगत असतील याची कल्पना करावी. 1888 च्या सुमारास मुरगावच्या बंदराला घाटमाथ्याची आगगाडी जोडली गेली आणि हा ओघ तिकडे वळला. किनाऱ्याच्या आगबोटी पुष्कळ वर्षे चालल्या, त्याही बंद झाल्या. कोकण रेल्वे 1998 साली सुरू झाली ती कुडाळ-सावंतवाडीवरून, वेंगुर्ल्यास बगल देऊन. 2021 साली तालुक्यातच चिपीला विमानतळ झाला. पण काजूची पोती विमानाने जात नसतात! अशा गावात जो धंदा टिकला तो मुख्यत्वे मातीतून उगवणाऱ्या वस्तूंचा: काजू, आंबा, कोकम, मासळी.

मातीतून उगवते म्हणून ते आपोआप आले असे मात्र नाही. 1957 साली वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र निघाले. आज ते दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे आहे. तेथील संशोधकांनी रानटी म्हणून दुर्लक्षिलेल्या या झाडाचे कलम-संकर वर्षानुवर्षे करून पाहिले. याच तालुक्यातील वेतोरे गावच्या एका निवडक झाडाचा वंश आणि बंगालकडील मिदनापूरचा तांबडा काजू यांच्या संकरातून 'वेंगुर्ला-4' ही जात तयार झाली व 1981 साली प्रसृत झाली. 1997 साली त्याहून टपोऱ्या बियांची 'वेंगुर्ला-7' आली. 1990 पासून राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबागांस अनुदान दिले तेव्हा हीच कलमे कोकणच्या कातळावर हजारोंनी लागली. वेंगुर्ला काजूस पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे त्या परड्यातील शेडपर्यंत येणाऱ्या पोत्यामागे दोन पिढ्यांचे चिकाटीचे काम आहे. हे त्या तरुणास ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि सकाळी कुलूप काढताना ते आठवणे निराळे.

अशा वेळी थोरांची चरित्रे पुढे करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि थोरल्या बंधूंनी शेवटी मौन सोडले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेऊनच. बेळगाव जवळ असल्यामुळे या भागातील जुन्या माणसांना किर्लोस्कर आपलेच वाटतात. ज्या 1888 साली वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरू लागला त्याच साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव त्या काळी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवीत. बढती आपणांस न देता दुसऱ्यास दिली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. कडबा कापण्याची यंत्रे केली, मग 1903 साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत! दोन वर्षे नांगर खपले नाहीत. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, आणि 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

ही कथा आपण 'चिकाटीचे फळ' म्हणून सांगतो. आम्हांस तीत निराळीच गोष्ट दिसते. त्या दोन वर्षांत सायकली विकून त्या दोघा बंधूंचे पोट भरत होते. नांगर सोडून दिला असता तरी कुणी नावे ठेवली नसती. तरीही ते शेतकऱ्याच्या बांधावर जात राहिले, त्याची हरकत ऐकत राहिले, आणि नांगरात फेरफार करीत राहिले. देशसेवेचा मोठा शब्द तेव्हा त्यांच्या मनात किती होता कोण जाणे. त्यांच्या हातात होता तो न खपलेला नांगर, आणि तो अमुक एका माणसाच्या शेतात चालला पाहिजे ही ओढ. उद्देश म्हणतात तो बहुधा अशाच आडवळणाने येतो. आधी ठरवून मग धंदा काढणारे थोडे. करता करता एखादी गोष्ट नीट झालीच पाहिजे असे वाटू लागते, आणि मागे वळून पाहताना तिलाच उद्देश हे नाव पडते.

दुसरीही एक परंपरा या किनाऱ्याला आहे. मालवणच्या टोपीवाला हायस्कुलास ज्यांचे नाव आहे ते अनंत शिवाजी देसाई मुंबईस टोप्यांच्या व्यापारात उदयास आले आणि त्या द्रव्यातून त्यांनी मोठा दानधर्म केला. आधी मिळवावे, मग द्यावे, असा हा मार्ग. तो थोरच, परंतु टोपी शिवताना मन कुठे असावे याचे उत्तर त्यात मिळत नाही, आणि ज्याच्या शेडमध्ये चौदाच बायका आहेत त्याच्या हयातीत हायस्कूल बांधण्याइतका पैसा जमेल असेही नाही. लहान धंदेवाल्याला दानाची वाट पाहत बसून चालत नाही.

येथे एक कटू गोष्टही लिहिली पाहिजे. धंद्याला 'सेवा' म्हणण्याची जी एक गोड सवय अलीकडे पसरली आहे तिच्याविषयी आम्हांस थोडा संशय आहे. 'आमचा कारखाना म्हणजे एक कुटुंब' असे सांगणारा मालक मजुरी वाढविण्याची वेळ आली की त्याच कुटुंबाचा दाखला देऊन ती लांबवितो, हे आपण पाहिले आहे. ज्या बाईचे हात टरफलाच्या तेलाने काळे पडले आहेत तिला मालकाच्या ध्येयवादाचा काय उपयोग? तिला हातमोजे, वेळेवर मजुरी आणि दुपारचा पाऊण तास विसावा हवा. त्या तरुणाच्या शेडमध्ये या तिन्ही गोष्टी होत्या. नसत्या तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

तर चौथ्या दिवशीची हकीकत. दुपारी त्याची पत्नी जमाखर्चाच्या वह्या घेऊन ओटीवर आली. घरातली ही सून वाणिज्य शाखेची पदवीधर. सकाळचा स्वयंपाक जावांबरोबर उरकून रोज दोन तास ती कारखान्याचे लिखाण करते. आता मोबाइलवरही हिशेब असतात, तरी बियांच्या खरेदीची वही तिने हाताने लिहिलेली. तिने ती सासऱ्यांपुढे उघडून ठेवली. पानापानावर गावांची नावे होती: तुळस, मठ, होडावडे, आरवली, मोचेमाड, रेडी. त्याखाली शेतकऱ्यांची नावे, पोत्यांची संख्या, आणि समासात बारीक अक्षरांत शेरे. 'बी चांगली वाळवलेली.' 'वेंगुर्ला-4, टपोरी.' 'मुलीचे लग्न, पैसे आगाऊ दिले.' 'यंदा मोहोर जळाला, दोनच पोती.' एका ठिकाणी होते: 'मागील वर्षी वजनात आमची चूक, 6 किलोंचे पैसे दिले.'

ती म्हणाली, "व्यापाऱ्याचे काम घेतले तर नुकसान काहीच नाही, बाबा. फक्त ही वही बंद होईल."

सासऱ्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाने उलटली. तो तरुणही वाकून पाहू लागला. आठ वर्षे त्याने ही वही केवळ बेरजेसाठी उघडली होती; समासातले शेरे त्याने बहुधा प्रथमच सलग वाचले. एकदोन नावांवर त्याने बोट ठेवले आणि त्या माणसांच्या बागांविषयी आम्हांस सांगू लागला. पहिल्या वर्षी बी भिजवून, वजन वाढवून विकणारा एक शेतकरी होता. त्याच्याशी भांडण झाले, मग त्याच्याच अंगणात बसून बी कशी वाळवावी हे दाखवून दिले, आणि आता सर्वांत कोरडी बी त्याचीच येते. हे सांगताना त्या रात्रीचा हात जड होणारा माणूस तो नव्हे असे वाटत होते.

तेवढ्यात आजींनी मध्येच विचारले, "आणि गो, ही एवढी वही लिहिण्याचे तुला काय मिळते?"

ओटीवर शांतता पसरली. त्या वहीत चौदा बायकांची मजुरी होती, बॉयलरवरच्या गड्याचा पगार होता, रिक्षावाल्याचे भाडे होते. लिहिणारीच्या नावाचा रकाना नव्हता. आपल्या एकत्र कुटुंबांत हा रकाना नसतोच. घरचा धंदा, घरची सून, असे म्हणून आपण पुढे जातो. पण जो मालक आपल्या धंद्याचा अर्थ शोधीत ओटीवर बसला होता त्याच्या घरातच तो अर्थ कुणी तरी समासात रोज लिहून ठेवीत होते आणि त्याचे मोल शून्य धरले होते, हे आम्हां सर्वांना, विशेषतः आम्हां पुरुषमंडळींना, बरेच झोंबले. थोरले बंधू उठून उगाच अंगणातील पागोळ्या पाहू लागले.

निर्णय आमच्यासमोर झाला नाही. त्याने व्यापाऱ्याला काय कळवावे याविषयी आम्ही काहीच बोललो नाही. आठ वर्षांपूर्वी दिलेल्या सल्ल्याची आठवण ताजी होती. आणि खरोखर, ज्याच्यावर 24 लाखांचा बोजा दरवर्षी पडतो त्याने ठराविक मजुरीचे काम पत्करले तर त्यास दोष देणारे आपण कोण? भाव कोसळून शेडला कायमचे कुलूप लागले तर त्या चौदाजणींना वहीतले शेरे जेवावयास घालणार नाहीत. दोन्ही पारडी खरी होती.

दिवाळीच्या आधी आठ दिवस वेंगुर्ल्याहून एक खोके आले. आत काजूगराचे दोन डबे. दरवर्षी स्नेह्यांसाठी पाकळ्या येत, कारण अख्खे गर विकण्यासाठी. यंदा दोन्ही डब्यांत अख्खे दाणे होते. डब्यावरील चिठ्ठीवर गावाचे नाव छापले होते: होडावडे. सोबतच्या पत्रात त्याने लिहिले होते की, गावची बी पौषापर्यंत पुरेल. ती संपल्यावर नवी बी येईपर्यंतचे महिने शेड रिकामी राहते, तेवढ्यापुरते व्यापाऱ्याचे काम घेण्यास आपण तयार असल्याचे कळविले. व्यापाऱ्यास बारा महिन्यांचा करार हवा होता, त्यामुळे त्याचे उत्तर अजून आलेले नाही. बहुधा येणारही नाही.

पत्राखाली सुनेच्या अक्षरांत दोन ओळी होत्या. कारखान्याच्या वहीत तिचा पगार भाद्रपदापासून लागला आहे. आणि सोबत बिल जोडले आहे, यंदापासून ते घरच्या मंडळींनाही लावण्याचे ठरले आहे, तरी रक्कम सवडीने पाठवावी.

रक्कम आम्ही त्याच दिवशी पाठविली.